खिशातलं पातं

22 जून 2025, रविवार

मामंजींचा चाकू हरवला. सकाळी कोंबडखताची गोणी उघडताना हातात होता, एवढं नक्की आठवतं. मग मोठी सर आली, सगळे मांगराकडे धावलो, आणि संध्याकाळी खिशात हात घातला तर खिसा रिकामा. खताचा ढीग वरवर चाळून पाहिला, रोपांच्या पिशव्यांच्या रांगांमधून बॅटरी घेऊन दोनदा फिरले. नाही मिळाला.

लग्न होऊन दापोली तालुक्यातल्या या घरात आले त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हा त्या चाकूचं पातं अंगठ्याएवढं रुंद होतं. धार लावून लावून आता करंगळीएवढं उरलं होतं. शिसवी मूठ, पितळेची खीळ, मिटवला की मुठीत मावेल एवढा. मामंजी त्यानेच कलमं बांधत, त्यानेच आंबा कापत, त्यानेच पायातला काटा काढत. ते गेल्यावर रोपवाटिका माझ्याकडे आली आणि चाकू माझ्या कुडत्याच्या खिशात. त्यालाही बारा वर्षं झाली. आज जेवताना दोनदा हात खिशाकडे गेला.

24 जून, मंगळवार

बाजारात एका दुकानातून मिटवायचा नवा चाकू घेऊन आले. चकचकीत पातं, रंगीत मूठ. उघडताना टक् असा आवाज येतो म्हणून वाटलं, घट्ट असेल.

संध्याकाळी ठिबकच्या नळीला भोक पाडायला टोक रुतवलं. नळी लवली, माझा सगळा जोर पात्याच्या पाठीवर आला आणि पातं मिटलं ते सरळ उजव्या तर्जनीवर, दुसऱ्या पेराशी. रक्त थांबेना म्हणून डॉक्टरांकडे गेले. तीन टाके.

रात्री डाव्या हाताने तो चाकू पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. पातं उघडं धरून ठेवणारी गोष्ट एकच, आतली एक पातळ पट्टी, तीही लिबलिबीत पत्र्याची. धारेच्या बाजूने दाब दिला की पातं मुठीत आणखी घट्ट बसतं. पाठीवर दाब आला की तेच पातं बिजागरीसारखं फिरतं. दोरी कापताना हे कळत नाही, कारण तेव्हा दाब धारेवरच असतो. टोकाने काम करायला गेलं की कळतं. विकत घेताना मी चमक पाहिली, खीळ पाहिली नाही. पातं उघडून दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवलं असतं तरी दुकानातच समजलं असतं, इतकी ती खीळ सैल आहे.

27 जून, शुक्रवार

अक्षर वेडंवाकडं येतंय. पुतण्याचा फ्रान्समधल्या ल्योंहून फोन आला. तिकडे शिकतो. बोटाचं कळलं होतंच.

"काकू, मी वीस तारखेला घरी येतोय. येताना चांगला चाकू आणतो. कुठला आणू ते सांग."

फोननंतर त्याने तीन फोटो पाठवले. तिन्ही देखणे. एकाची मूठ शिंगाची, एकाला करवत आणि कात्री, एकाचं नुसतं लाकूड आणि पातं. फोटो पाहून मागच्यासारखीच चूक होईल, हे दिसत होतं. त्याला म्हटलं, आठ दिवस थांब. मला नेमकं काय काय कापावं लागतं ते आधी लिहून काढते.

6 जुलै, आषाढी एकादशी

आठ दिवसांची नोंद पुरी झाली. चाकू हरवलेला असताना अशी नोंद फार चांगली होते. हात रिकाम्या खिशात गेला की वहीत एक रेघ मारायची आणि समोर कारण लिहायचं. काम मग विळीने, कोयतीने किंवा ब्लेडने उरकायचं. टाके परवाच निघाले. तोवर बरंचसं कापणं दुसऱ्यांनीच केलं, पण रेघा माझ्या.

एकूण 63 रेघा. सुतळी आणि नायलॉनची दोरी 19 वेळा. गोणीच्या तोंडाची शिवण 11 वेळा. औषधांची आणि बियाण्यांची पाकिटं 9. फळं 8, त्यात एक पपई, बाकी केळी नि पेरू. केळीचं पान, शेवग्याच्या शेंगा, तोरणाला डहाळी असं किरकोळ 7. ठिबकची नळी 4, कुरिअरचं खोकं 3, पेन्सिल 2.

वाचून मला स्वतःलाच नवल वाटलं. निम्म्याच्या जवळपास कापणं म्हणजे दोरी आणि शिवण, त्याला पुढची दोन बोटं धार पुरते. पपई सोडली तर तीन इंचांपेक्षा लांब पातं एकदाही लागलं नसतं, आणि पपईही फिरवून कापता येते. शहाळं, बांबू, फणस या कामांना कोयती आहे. तिथे खिशातल्या चाकूकडे हात गेलाच नाही. करवतीची गरज शून्य वेळा. स्क्रू पिळायची एकदा, मोटारीच्या खोक्याला.

आणि दुसरी गोष्ट, जी मला आधीच कळायला हवी होती. ज्या पात्याने मी कोंबडखताच्या गोण्या उसवते त्याच पात्याने दर जुलैत कलमं बांधत होते. मामंजींचा चाकू एकच होता म्हणून सगळं त्यानेच, ही सवय मी तशीच उचलली. गोणीच्या शिवणीत वाळू असते, खतात घाण असते. कलमाच्या जखमेत ती कशी चालेल?

9 जुलै, बुधवार

धाकटे दीर मुंबईहून आले आहेत. त्यांच्या किल्ल्यांना लाल रंगाचा स्विस चाकू असतो. तो एक दिवस मागून घेतला.

वस्तू म्हणून तिला नमस्कार करावा. कार्ल एल्सेनर यांनी इबाख गावात 1884 मध्ये कारखाना काढला, 1891 मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले. सैनिकाला डबा उघडायचा असे आणि बंदूक खोलायची असे, म्हणून पात्याबरोबर डबाफोडणी आणि स्क्रू पिळायचं टोक आलं. लोकांना माहीत असलेला अधिकाऱ्यांचा चाकू 12 जून 1897 ला नोंदवला गेला. आईचं नाव व्हिक्टोरिया आणि न गंजणाऱ्या पोलादासाठी फ्रेंचांचा शब्द 'इनॉक्स', दोन्ही जोडून कंपनीचं नाव झालं व्हिक्टोरिनॉक्स. कामाच्या वस्तूवर आईचं नाव आहे, हे मला फार आवडलं.

दिवसभर वापरला. कात्री अप्रतिम, पाकिटं सरळ रेषेत उघडतात. पाठीची स्प्रिंग खणखणीत. पात्याला जराही खेळ नाही. पण पातं उघडायला त्याच्या अंगावरच्या खाचेत नख घालावं लागतं. माझी नखं मातीने झिजलेली, बोटं ओली, तर्जनीवर पट्टी. पावसात उभी राहून तीनदा प्रयत्न केला तेव्हा उघडलं. शिवाय या आकाराच्या चाकूत पातं अडकवून ठेवणारी कुलूपकळ नाही. कितीही चांगली असली तरी ती स्प्रिंगच, पाठीवर पुरेसा जोर आला तर मिटणार. नीट कापणाऱ्याला त्याने काही होत नाही. मला मात्र टाके आठवतात.

ऑफिसात बसणाऱ्या, प्रवास करणाऱ्या माणसाने हाच घ्यावा. माझ्या चिखलाला हा नाही.

12 जुलै, शनिवार

आज कलमांना हात घातला. त्यासाठी शेतीच्या अवजारांच्या दुकानातून नवा कलमचाकू आणला, आणि याने दुसरं काहीही कापायचं नाही असं सगळ्यांना सांगून टाकलं.

कलमं बांधायला येणारे अण्णा चाळीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी चाकू हातात घेऊन धारेकडे तिरकं पाहिलं. "वहिनी, एका अंगानेच लावलीय ना धार? मग बरोबर." कलमचाकूचं पातं एका बाजूने सपाट असतं, उतार एकाच बाजूला. सपाट बाजू काडीला टेकवून ओढली की काप आरशासारखा सपाट येतो. दोन्ही बाजूंनी उतार असलेलं पातं लाकडात वर-खाली होतं, कापाला पोट येतं आणि मग काडी आणि खुंट यांच्यात फट राहते.

कोय कलमाला वेळ थोडा मिळतो. कोय रुजून वर आलेलं रोप पंधरा-वीस दिवसांचं, पानं अजून तांबूस असतानाच घ्यायचं. शेंडा उडवायचा, देठाच्या मधोमध बोटाच्या दोन पेरांएवढी उभी चीर द्यायची. हापूसची काडी तेवढ्याच जाडीची, तिला दोन्ही बाजूंनी काप देऊन पाचर करायची. पाचर चिरेत बसवायची, साल सालीला भिडली पाहिजे, मग प्लास्टिकची पट्टी खालून वर गुंडाळायची. अण्णा काडीला प्रत्येक बाजूला एकच काप देतात. दुसऱ्यांदा पातं लावत नाहीत. कापलेली पाचर उजेडाकडे धरून त्यांनी मोजपट्टीच्या कडेला टेकवून दाखवली: मधून उजेड येत नव्हता. मी केलेल्या पहिल्या चार पाचरांमधून आला. पाचवीतून नाही.

दर वीस-पंचवीस कलमांनंतर पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं ठरवलं आहे.

15 जुलै, मंगळवार

पुतण्याला निरोप पाठवला: लाकडी मुठीचा, ओपिनेल, सात नंबर, स्टेनलेस पात्याचा. यावर दोन दिवस विचार केला.

सवॉय हा फ्रान्सचा डोंगराळ मुलूख. तिथल्या जोसेफ ओपिनेल यांच्या वडिलांचं कुऱ्हाडी, कोयते आणि छाटणीची हत्यारं घडवायचं काम. मुलाने 1890 च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी हा खिशातला चाकू केला आणि 1897 मध्ये एक ते बारा अशा आकारांची मालिका ठरवली. एक आणि अकरा नंबर पुढे बंद झाले. बीच लाकडाची मूठ, एक पातं, एक खीळ, आणि मुठीच्या तोंडाशी फिरवायची पोलादी कडी. ती कडी 1955 मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी बसवली. पातं उघडून कडी फिरवली की पाठीवर जोर आला तरी मिटत नाही. आणि 2000 पासूनच्या चाकूंत मिटवलेलं पातंही त्याच कडीने बंद राहतं. खिशात ठेवायच्या चाकूला हे दुसरं कुलूप पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. मला हवं होतं तेवढंच त्यात आहे.

आठ नंबर सगळ्यात जास्त खपतो, पातं साडेआठ सेंटिमीटरचं. सातचं आठ. माझा पंजा लहान, आणि 63 रेघांना आठ सेंटिमीटर पुरून उरतात.

पोलादाचा प्रश्न जरा अवघड होता. तिकडे बरेच लोक साध्या कार्बन पोलादाचं पातं घेतात, कारण त्याला धार पटकन लागते. हे आपल्या बायकांना सांगायला नको. जुनी लोखंडी विळी सहाणेवर चार वेळा ओढली की केसासारखी होते, स्टेनलेसची सुरी रुसून बसते. पण त्याच जुन्या विळीवर कैरी चिरली की फोडी काळ्या पडतात आणि तोंडाला लोखंडाची चव येते. आंबट रसाने लोखंड विरघळतं. माझ्या खिशातला चाकू कैरी, कोकम, अननस यांच्यात बुडणार. वर दापोलीचा पाऊस, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. धुऊन कोरडं करायला विसरले की रात्रीत गंज. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, तेच पृष्ठभागावर न दिसणारा थर धरून गंज अडवतं. निसण्यावर दहा मिनिटं जास्त घालवीन. देशावर कोरड्या हवेत राहत असते तर कार्बनच मागवला असता.

18 जुलै, शुक्रवार

थोरल्या जाऊबाईंना कळलं. "अगं, पर्समध्ये चाकू घेऊन एसटीत बसणार तू? लोक काय म्हणतील?" शेजारची एक मुलगी म्हणाली, "बरंच आहे काकू, स्वसंरक्षणाला."

दोघींच्या बोलण्याने अस्वस्थ झाले. आमच्या गावात पुरुष कमरेच्या आकडीत हातभर कोयती अडकवून दुकानात जातात, ग्रामसभेत बसतात, कुणी वळून पाहत नाही. ते हत्यार नसून काम आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. 'चाकू' म्हटलं की मात्र डोळ्यांसमोर सिनेमातला खटक्याचा रामपुरी येतो. माझा चाकू खटक्याचा नाही, दोन हातांनी सावकाश उघडावा लागतो, आणि मला तो तसाच हवा.

कायदाही पाहून ठेवला. शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं मोजली आहेत, आणि घरगुती किंवा शेतीकामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. तीन इंचांचं पातं त्याच्या आसपासही नाही. पण सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतो तेव्हा सुरे घेऊन फिरायला बंदी असते, आणि पोलिसाने गर्दीत पिशवी उघडली तर तिथे कलमांच्या गोष्टी सांगत बसणं योग्य नाही. म्हणून ठरवलं: चाकू वाडीत आणि घरी. एसटीत, मोर्चात, जत्रेत, कचेरीत तो नसेल. विमानात हातातल्या सामानात चालत नाहीच. पुतण्याला तो आत द्यायच्या बॅगेत ठेवायला बजावलं आहे.

स्वसंरक्षणाचं त्या मुलीला संध्याकाळी बोलावून समजावलं. झटापटीत चाकू काढला की तो कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. पळ, ओरड, फोन कर. चाकू दोरी कापायला असतो.

21 जुलै, सोमवार

आला. अपेक्षेपेक्षा हलका. पात्यावर मुकुट घातलेला हात कोरला आहे, 1909 पासूनची त्यांची खूण. मूठ मधे फुगीर, टोकाला जरा वाकलेली. तळहातात धरली की कुठेच टोचत नाही. पातं उघडून दोन बोटांनी हलवलं. हललं नाही. कडी फिरवली, पाठीवर अंगठ्याने जोर दिला. तसूभर नाही.

दुपारी त्याने गोणीची शिवण उसवली, पेरू कापला, पेन्सिलीला टोक केलं.

24 जुलै, दिव्याची अवस

ज्याची भीती होती तेच झालं. काल दिवसभर पावसात खिशात राहिला, आज सकाळी पातं बाहेर येईना. लाकूड पाणी प्यायलं, फुगलं, आणि मुठीतल्या खाचेने पातं आवळून धरलं. नखाने ओढून पाहिलं, नख तुटलं.

पुतण्याने सवॉयच्या शेतकऱ्यांची युक्ती दाखवली. कडी मोकळी करायची, चाकू उभा धरायचा आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं. दोन ठोक्यांत पात्याचं टोक वर आलं, मग चिमटीत धरून उघडलं. मग चुलीच्या वरच्या फळीवर, आचेपासून लांब, दोन दिवस वाळत ठेवला. चुलीजवळ ठेवला असता तर लाकूड तडकलं असतं. वाळल्यावर जवसाच्या कच्च्या तेलाचा हात द्यायचा, मुठीला बाहेरून आणि खाचेत आतूनही, काडीला कापूस गुंडाळून. खोबरेल चालणार नाही, ते वाळत नाही, चिकट राहतं. जवसाचं तेल हवेत धरतं आणि लाकडाची भोकं बुजवतं.

दोष चाकूचा म्हणता येईल. डोंगरात जन्मलेली वस्तू आहे, कोकणातला आषाढ तिने पाहिलेला नव्हता.

29 जुलै, नागपंचमी

आज चिरायचं नाही, कापायचं नाही, जमीन खणायची नाही. दिंडं उकडली. विळी भिंतीला टेकवून ठेवली, कोयत्या मांगरात, कलमचाकू स्पिरिटने पुसून डब्यात. तेलाचे तीन हात दिलेला सात नंबर कोनाड्यात ठेवला. सकाळी कुणीतरी पेंडीची गोणी उघडायला मागितली तर गाठ सोडून उघडली. वेळ लागला, पण सुतळी अखंड राहिली, ती गुंडाळून ठेवली.

5 ऑगस्ट, मंगळवार

पहिल्यांदा धार लावली. निसणा पाण्यात बुडवून घेतला, पातं साधारण वीस अंशांत धरलं. एका बाजूने ओढत राहिलं की दुसऱ्या बाजूला धारेवर बारीक कोर उठते, अंगठा आडवा फिरवला की खरखर लागते. ती लागली की बाजू बदलायची. शेवटी कोर काढायला चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर उलटं ओढलं. वीस मिनिटं गेली. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला, फाटला नाही, सरळ कापला गेला.

14 ऑगस्ट, गुरुवार

कलमं 640 बांधून झाली. पहिल्या आठवड्यातल्या दोनशेंपैकी 158 ना तांबूस फूट आली आहे. गेल्या वर्षी याच टप्प्यावर शंभर-सव्वाशे होती. त्याचं श्रेय वेगळ्या चाकूला द्यायचं की काड्या चांगल्या होत्या म्हणायचं, एका हंगामावरून सांगता येणार नाही. पुढच्या वर्षीही कलमचाकूने दोरी कापायची नाही, एवढं नक्की.

तेल दिल्यापासून सात नंबर दोनदा चांगला भिजला, अडकला नाही. मुठीचा पिवळेपणा जाऊन चहासारखा रंग चढतोय. जाऊबाईंनी काल तो स्वतःहून मागितला, नारळाच्या दोऱ्या कापायला, आणि धुऊन पुसून परत दिला.

बाजारातून आणलेल्या चाकूची खीळ ठोकून काढली, पातं आणि मूठ वेगळी करून भंगारात टाकली, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातात जायला नको.

खताचा ढीग आता निम्मा संपलाय. मामंजींचा चाकू अजून मिळालेला नाही.